भूकंपाच्या पुढे धावणारं ट्वीट

कुठे जमीन जरा हलली की व्हॉट्सअ‍ॅपवर तो ठरलेला मजकूर फिरायला लागतो: ‘नासाचा इशारा! आज रात्री साडेआठला ८.२ रिश्टरचा भूकंप, घराबाहेर झोपा.’ भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. नासाला नाही आणि पंचांगालाही नाही. हे कितीदा लिहायचं! पण समाजमाध्यमांचं भूकंपाशी एक खरंखुरं नातं आहे, आणि ते या फॉरवर्डबहाद्दरांच्या गावीही नसतं.

२३ ऑगस्ट २०११च्या दुपारी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मिनरल या गावाजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. न्यूयॉर्क तिथून साधारण साडेचारशे किलोमीटर. भूकंपातून निघणाऱ्या लहरींपैकी जास्त हादरवणाऱ्या एस-लहरी खडकातून सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास धावतात. भागाकार करून बघा, दोन मिनिटांहून जास्त वेळ येतो. ट्वीटला हे अंतर कापायला सेकंदही लागत नाही, वेळ लागतो तो टाइप करणाऱ्या बोटांना. न्यूयॉर्कमधल्या काही जणांनी भूकंप आधी फोनवर वाचला आणि मग त्यांची खुर्ची हलली.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतले पॉल अर्ल आणि त्यांचे सहकारी त्याआधीपासूनच या कामाला लागले होते. माणसं ओरडतात, तर ते ओरडणंच मोजू, असा त्यांचा विचार. त्यासाठी त्यांनी भूकंपमापकाचीच जुनी युक्ती वापरली. हे यंत्र वाऱ्याने, ट्रकने सतत थरथरत असतं, मग त्यातला भूकंप ओळखायचा कसा? दोन सरासऱ्या काढायच्या: एक ताज्या, अगदी थोड्या काळाची आणि दुसरी बऱ्याच मोठ्या काळाची. पहिलीला दुसरीने भागायचं. उत्तर एकदम उसळलं की घंटा वाजवायची. आठवडी बाजारात कुणी ओरडलं तर कुणी मान वळवत नाही, तेच ओरडणं मध्यरात्री गाव जागं करतं. नेमकं हेच ते गुणोत्तर.

ट्वीटच्या बाबतीत यात एक मेख आहे. एरवी भूकंपाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, त्यामुळे भाजक शून्याच्या जवळ असतो. समजा, आधीच्या तासाभरात एकच ट्वीट आलं. म्हणजे मिनिटाला एक-साठांश. आता दोन टवाळांनी एकाच मिनिटात ‘भूकंप!’ लिहिलं तर गुणोत्तर थेट १२०. म्हणून भाजकात एक स्थिरांक मिळवायचा. तो १ धरला तर टवाळांचं गुणोत्तर दोनच्याही खाली येतं. खऱ्या भूकंपात मिनिटाला दीडशे ट्वीट आली तर मात्र ते १४७च्या घरात जातं. एवढ्याशा बेरजेने थट्टा आणि धक्का वेगळे होतात! मला हा स्थिरांक फार आवडतो.

पुढची चाळणी त्याहून गमतीची. ज्याच्या पायाखालची जमीन हलतेय तो निबंध लिहीत नाही. म्हणून सातपेक्षा जास्त शब्दांची ट्वीट बाद. लिंक असलेली बाद, आकडे असलेलीही बाद. म्हणजे ‘साडेआठ’ आणि ‘८.२’वाला तो नासाचा इशारा यंत्राने पहिल्या फटक्यात फेकून दिला असता.

पाच महिन्यांच्या ट्वीटवर ही पद्धत चालवून पाहिली, तेव्हा ४८ भूकंप सापडले आणि खोट्या घंटा फक्त दोन वाजल्या. सुमारे ७५ टक्के भूकंप दोन मिनिटांच्या आत कळले. पण त्याच काळात संस्थेच्या यादीत ५,१७५ भूकंप होते. माणूस नसलेल्या समुद्रात ट्वीट कोण करणार?

शिवाय भूकंप ओळखणं वेगळं आणि लोकांना सावध करणं वेगळं. कोयनानगर ते पुणे हे सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर, एस-लहरींना पस्तीसेक सेकंद. कोयनेतल्या माणसाने वीस सेकंदांत लिहिलं तरी पुण्याच्या हातात पंधरा उरतात, तेही नेमकं त्याच क्षणी फोनकडे पाहणाऱ्याला. खुद्द कोयनेला काहीच नाही. आणि आपले मोठे भूकंप बघा: कोयना, ११ डिसेंबर १९६७, किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. दोन्ही पहाटे, लोक गाढ झोपेत. झोपलेला माणूस ट्वीट करत नाही.

माध्यमाचा मालकही आडवा येऊ शकतो. १ जानेवारी २०२४ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. आपत्तीच्या सूचना आपोआप देणारं ‘नर्व’ हे तिथलं लोकप्रिय खातं एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, घातलेल्या पोस्टच्या मर्यादेला त्याच दिवशी धडकलं आणि ऐन गरजेच्या वेळी अडलं. दुसरीकडे मदतीच्या खोट्या हाका मात्र खुशाल पसरत होत्या.

म्हणून मुख्य इशारा सेल ब्रॉडकास्टने द्यायचा. यात संदेश कुठल्याही नंबरवर पाठवला जात नाही. टॉवर तो सगळ्यांसाठी एकदाच प्रसारित करतो आणि त्याच्या टापूतला प्रत्येक चालू फोन तो उचलतो. ऐकणारे शंभर असोत की लाख, टॉवरवरचा भार तेवढाच, त्यामुळे नेटवर्क तुंबत नाही. २०२३मध्ये आपल्याकडे याच यंत्रणेच्या चाचण्या झाल्या तेव्हा फोन कर्कश वाजले होते. त्या आवाजाला वैतागून तुम्ही सेटिंगमध्ये आपत्कालीन सूचना बंद केल्या असतील, तर त्या पुन्हा चालू करून ठेवा.