परोपजीवी कीटकांची आयात व कीडनियंत्रण (गोवा)

परदेशातून आलेल्या किडीच्या मूळ प्रदेशात जाऊन तिच्यावर जगणारा परोपजीवी कीटक शोधायचा, तो आणून तपासायचा आणि बागायतीत कायमचा वसवायचा, ही कीडनियंत्रणाची पद्धत. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘अभिजात जैविक नियंत्रण’ म्हणतात. गोव्यात तिचा संबंध मुख्यतः माडाशी आणि पपईसारख्या परसातल्या फळझाडांशी येतो.

गोव्याची बरीचशी बागायत मुळात पाहुणी आहे. काजू, पपई, अननस, मिरची ही पिके पोर्तुगीज काळात अमेरिका खंडातून इकडे आली. त्या गलबतांतून बिया आणि रोपे उतरली, त्यांच्यावरच्या किडी बहुतांशी तिकडेच राहिल्या. अलीकडच्या दशकांत रोपांची आणि फळांची ने-आण वाढल्यावर त्या किडीही येऊ लागल्या, मात्र त्यांना आवर घालणारे शत्रू सोबत आले नाहीत. त्यामुळे मायदेशी क्वचित दिसणारी कीड इथे झाडेच्या झाडे पांढरी करून टाकते.

हे परोपजीवी कीटक बहुधा गांधीलमाशीच्या गणातले असतात, पण आकाराने एक मिलीमीटरच्या आतबाहेर. माणसाला त्यांचा डंख लागत नाही. परोपजीवीची मादी किडीच्या पिल्लाच्या अंगात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते आणि उरलेल्या कोरड्या कवचाला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. ऊ किंवा गोचीड आपल्या यजमानाला सहसा जिवंत ठेवते, इथे यजमान मरतोच. म्हणून तर शेतकऱ्याला या कीटकाचा उपयोग.

भारतातले अलीकडचे ठळक उदाहरण पपईवरच्या पिठ्या ढेकणाचे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली पॅराकोकस मार्जिनॅटस ही कीड २००८ मध्ये कोइंबतूरला आढळली आणि दोनेक वर्षांत गोव्याच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे, कर्नाटकात आणि महाराष्ट्रात, पोहोचली. पपईबरोबर तुती आणि टॅपिओकाही तिच्या तडाख्यात सापडले. अंगावर मेणाचा थर असल्याने फवारा तिला नीट लागत नाही. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन परोपजीवी जाती बेंगळुरूच्या कृषी-कीटकांवरील राष्ट्रीय संस्थेत आणण्यात आल्या. त्यांतली असेरोफॅगस पपाये इतकी रुळली की काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. तिच्या पैदाशीची रीत अगदी घरगुती आहे: कोंब आलेल्या बटाट्यांवर पिठ्या ढेकूण वाढवायचे आणि त्यांच्यावर माश्या सोडायच्या.

असा कीटक खिशात घालून आणता येत नाही. केंद्राचा आयात परवाना लागतो. आलेला माल विलगीकरण प्रयोगशाळेत ठेवून त्यात या परोपजीवींवरच जगणारे दुसरे परोपजीवी लपलेले नाहीत ना, हे पाहतात. मग आणलेला कीटक रेशीमकिडा, मधमाशी किंवा इथल्या उपयोगी कीटकांना धरतो का, याची चाचणी होते. ही सगळी कामे बेंगळुरूत चालतात. गोव्यात जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि राज्याचे कृषी संचालनालय यांच्याकडे कीड ओळखणे आणि बागायतदाराला सल्ला देणे एवढाच भाग येतो. तो वाटतो तितका लहान नाही, कारण चुकीच्या वेळी मारलेली एक फवारणी सगळे धुऊन टाकते.

माडावरच्या रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीने हे दाखवून दिले. तीही मध्य अमेरिकेकडची. भारतात ती २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीला प्रथम आढळली, पुढे केरळ, कर्नाटक करत गोव्यात आली. चुडताच्या (माडाच्या झावळीच्या) खालच्या बाजूला ती गोल गोल फिरत्या ओळींत अंडी घालते, रस शोषते आणि चिकट गोड द्रव गाळते. त्या द्रवावर काळी बुरशी धरते. कुळागरात (माड-पोफळीच्या मिश्र बागेत) तर माडाखालच्या केळी, पोफळी, मिरवेलीही काजळी फासल्यासारख्या होतात. पाने काळी पडलेली पाहून मालक घाबरतो आणि औषधाच्या दुकानात जातो. एवढ्या उंच माडाच्या शेंड्यापर्यंत फवारा नीट पोहोचतही नाही, खर्च मात्र पोहोचतो.

या माशीचा शत्रू एन्कार्सिया ग्वाडेलुपे. गंमत अशी की ही जात कोणी परवाना काढून आणलीच नाही. १९९० च्या दशकात दुसरी एक चक्राकार पांढरी माशी भारतात आली होती, तिच्या मागोमाग ही आली असावी. २००० च्या सुमारास लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तिची नोंद झाली. रुगोज माशी आल्यावर एन्कार्सिया तिच्यावरही तुटून पडली आणि अनेक बागांत निम्म्याहून अधिक पिल्ले तिने मारली. तिचे काम ओळखणे सोपे आहे: परोपजीवीग्रस्त कोष काळा पडतो आणि त्यावर बारीक गोल भोक दिसते. असे कोष असलेली पाने तोडून, जिथे हा कीटक पोहोचलेला नाही त्या बागेत नेऊन बांधतात. तज्ज्ञांचा सल्ला या बाबतीत ठाम आहे: रासायनिक कीटकनाशक मारू नका. काजळी काढायची तर एक टक्का स्टार्चची खळ फवारावी, ती वाळली की बुरशीसकट पापुद्रे सुटतात. पाऊस लागला की माशी आपोआप कमी होते, कोरड्या महिन्यांत पुन्हा वाढते.

मुंग्यांकडेही लक्ष ठेवावे लागते. गोड द्रवाच्या लोभाने त्या पिठ्या ढेकणांची राखण करतात आणि परोपजीवी माशीला जवळ फिरकू देत नाहीत. काजूवर पानांची घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्या मात्र काजूचा रस शोषणाऱ्या ढेकण्यासारख्या किडीला खातात, त्यामुळे सरसकट मुंग्या मारणेही धड नव्हे.

भातशेतीतली ट्रायकोकार्डे यांहून निराळी. ट्रायकोग्रामा हे परोपजीवी कीटक तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवून, ती अंडी चिकटवलेले कार्ड शेतात लावतात. खोडकिडा आणि पाने गुंडाळणारी अळी यांची अंडी ते नासवतात. पण हे कीटक पुन्हा पुन्हा सोडावे लागतात. वसवलेला परोपजीवी जमला तर एकदाच पुरतो आणि बांध न पाहता शेजाऱ्याच्या भाटातही (बागायतीतही) शिरतो. त्यात विकण्यासारखे काही उरत नाही, म्हणून दुकानदार त्याचे नाव घेत नाही. हे काम सरकारी संस्थांनाच करावे लागते.

धोका नाही असे नाही. फिजीत माडाची पाने फस्त करणाऱ्या लेव्हुआना पतंगाविरुद्ध १९२५ मध्ये मलायातून बेसा रिमोटा ही माशी नेली. माड वाचले, पण तो पतंग पुढे दिसेनासाच झाला आणि तो नामशेष झाल्याचे अनेक अभ्यासक मानतात. अमेरिकेत १९०६ मध्ये आणलेली कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनेटा ही परोपजीवी माशी दीडशेहून अधिक जातींच्या अळ्यांवर पडली, त्यांत तिथले देखणे रेशीमपतंगही होते. आज एकाच किडीला धरणाऱ्या जातींचा आग्रह धरतात तो या अनुभवामुळे.

प्रत्येक परदेशी किडीवर असा कीटक सापडतोच असेही नाही. १९९० च्या दशकाअखेरीस केरळात दिसलेला आणि पुढे किनारपट्टीभर पसरलेला माडावरचा इरिओफाइड कोळी (जाळे विणणारा नव्हे, डोळ्यांना सहज न दिसणारी बारीक कीड) कोवळ्या नारळाच्या देठाजवळच्या टोपीखाली लपून राहतो. त्याच्यावर शिकारी कोळी आणि बुरशी यांचे प्रयोग झाले आहेत, परोपजीवी कीटक मात्र उपलब्ध नाही. त्यामुळे गोव्यातल्या बागायतदाराला या किडीपुरते माडाला नियमित शेणखत, पालापाचोळा आणि पाणी देऊन झाड सशक्त ठेवणे व गळालेली कोवळी फळे गोळा करून नष्ट करणे, एवढ्यावरच भागवावे लागते.