पीएमपीचा अर्ज भरताय? ऑडिटची तयारी आधी करा

पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल या प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी लोक महिनोन्‌महिने सराव प्रश्न सोडवतात आणि अर्ज मात्र एका रात्रीत उरकतात. मग गाडी तिथेच अडते, कारण अर्ज मंजूर झाल्याशिवाय अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, परीक्षेची तारीखच घेऊ देत नाही.

पदवीधरांना गेल्या 8 वर्षांतला, प्रकल्पाचं नेतृत्व केल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो. बारावी किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असेल तर 60 महिन्यांचा. शिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचं 35 तासांचं प्रशिक्षण हवं. घरी पुस्तकं वाचून, व्हिडिओ पाहून केलेला अभ्यास यात धरत नाहीत. कोर्सचं प्रमाणपत्र जुनं असलं तरी चालतं.

सगळ्यात जास्त गोंधळ महिन्यांच्या हिशोबात होतो. पूर्वी 4,500 तासांची अट होती, ती आता नाही, तरी अजून कित्येक जण तासच मोजत बसतात. एकाच वेळी दोन प्रकल्प सांभाळले तरी तो महिना एकदाच मोजला जातो. एक प्रकल्प जानेवारी ते ऑगस्ट आणि दुसरा त्याच वर्षी मे ते डिसेंबर चालला असेल, तर हिशोब 16 महिन्यांचा नाही, 12 महिन्यांचाच. अर्ज उघडण्याआधी हे कागदावर मांडून बघा.

प्रत्येक प्रकल्पाचं वर्णन 200 ते 500 शब्दांत लिहायचं असतं. ‘पाणीपुरवठा योजनेच्या कामात टीमसोबत सहभागी होतो’ एवढ्याने काही कळत नाही. तुम्ही काय केलंत ते लिहा: वेळापत्रक मी आखलं, कंत्राटदारांची कामं वाटून दिली, पाइप उशिरा येणार हे दिसल्यावर कामाचा क्रम बदलला, शेवटी योजना हस्तांतरित केली. हुद्दा ‘मॅनेजर’ नसला तरी बिघडत नाही. साइट इंजिनिअरनेही नेतृत्व केलेलं असतं. मात्र वर्षानुवर्षांचं देखभालीचं काम प्रकल्प म्हणून दाखवू नका. ज्याला सुरुवात आणि शेवट नाही, तो प्रकल्प नव्हे.

काही अर्ज ऑडिटसाठी, म्हणजे कागदपत्रं मागून पडताळण्यासाठी, निवडले जातात, आणि कोणाचा निघेल ते आधी सांगता येत नाही. निघाला की पदवीची प्रत, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक प्रकल्पाला दुजोरा देणारी व्यक्ती हवी. इथे भलेभले हवालदिल होतात: जुने साहेब नोकरी सोडून गेलेले, कंपनी बंद पडलेली. पण साहेबच हवेत असं नाही. तो प्रकल्प जवळून माहीत असलेला सहकारी किंवा ग्राहकही चालतो. फक्त अर्जात नाव टाकण्याआधी त्यांना फोन करा, तुम्ही लिहिलेलं वर्णन वाचायला द्या. दुजोरा मागणारी अचानक आलेली ईमेल कामाच्या गर्दीत कोण उघडतं? आणि ऑडिट पूर्ण केलं नाही तर पुन्हा अर्ज करायला वर्षभर थांबावं लागतं.

आता नावाचं. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळा क्रम, लग्नानंतर आणखी तिसरंच नाव. परीक्षेला दाखवायच्या ओळखपत्रावरचं नाव आणि पीएमआयच्या खात्यातलं नाव तंतोतंत जुळायला हवं. फोटो, सही आणि इंग्रजी अक्षरं तिन्ही असल्यामुळे पासपोर्ट सोयीचा. खातं उघडतानाच तो समोर ठेवा. पदवी माहेरच्या नावाची असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र आधीच स्कॅन करून ठेवा. ऐन वेळी त्यासाठी कचेरीत खेटे घालणाऱ्या मुली पाहिल्या की वाईट वाटतं.

मुदतींचीही सरमिसळ होते. सुरू केलेला अर्ज 90 दिवसांत पूर्ण करायचा. ऑडिटची कागदपत्रं द्यायलाही 90 दिवसच, पण ते वेगळे. परीक्षेसाठी एक वर्ष मिळतं, त्यात तीनदा बसता येतं. हे वर्ष अर्ज मंजूर झाल्यापासून धरतात, अभ्यास सुरू केल्यापासून नव्हे. परीक्षेला 30 दिवसांपेक्षा कमी उरले असताना तारीख बदलली तर 70 डॉलर जादा पडतात, आणि शेवटच्या 48 तासांत रद्द केली तर सगळी फी बुडते.