पाऱ्याचे बटण सेल : साठवण, पर्याय आणि विल्हेवाट

पाऱ्याचे बटण सेल हे जस्त आणि मर्क्युरिक ऑक्साइड यांच्या रासायनिक क्रियेवर चालणारे, १.३५ व्होल्टचे, एकदाच वापरण्याचे सेल होत. कॅमेऱ्यांचे लाइट मीटर (उजेड मोजणारी यंत्रे), श्रवणयंत्रे, विजेवरची मनगटी घड्याळे आणि सुरुवातीचे पेसमेकर यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सर्रास वापरले जात. सेल बनणे बंद झाले असले तरी त्यांच्यासाठी घडवलेली बरीच यंत्रे आजही धडधाकट आहेत. त्यामुळे जुन्या वस्तूंच्या शौकिनांपुढे तीन प्रश्न असतात : उरलेल्या सेलांचे काय करायचे, त्यांच्या जागी काय बसवायचे आणि संपलेला सेल कुठे टाकायचा.

दुसऱ्या महायुद्धात उष्ण व दमट आघाड्यांवर साधे जस्त-कार्बन सेल लवकर निकामी होऊ लागले, तेव्हा अमेरिकन संशोधक सॅम्युअल रूबेन यांनी हा सेल विकसित केला. मॅलरी कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर बनवला. हीच कंपनी पुढे ड्युरासेल म्हणून ओळखली जाऊ लागली. सुरुंगशोधक आणि वॉकीटॉकी हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. छायाचित्रकारांच्या परिचयाचा प्रकार म्हणजे पीएक्स ६२५. रोलाय ३५, मिनोल्टा एसआर-टी १०१, ऑलिंपस ओएम-१, कॅननेट क्यूएल १७ अशा अनेक कॅमेऱ्यांत तो बसत असे.

या सेलचा मोठा गुण म्हणजे स्थिर व्होल्टेज. संपत येईपर्यंत ते १.३५ वर टिकून राहते आणि मग एकदम कोसळते. कॅमेरा बनवणाऱ्यांनी या स्थिरपणावर इतका भरवसा ठेवला की बहुतेक मीटरांत व्होल्टेज नियंत्रित करणारा भागच घातला नाही. प्रकाशाला प्रतिसाद देणारी कॅडमियम सल्फाइडची चकती, नाजूक काटा आणि सेल, एवढाच पसारा. म्हणजे सेल नुसता वीज पुरवत नव्हता, मोजमापाचे प्रमाणही तोच होता. ‘मापाचा सेल मिळाला, बसला, काटा हलला’ एवढ्यावर समाधान मानणारे फसतात ते इथे.

दुकानात ६२५ म्हणून मिळणारा अल्कलाइन सेल आकाराने तंतोतंत बसतो, पण तो १.५ व्होल्टला सुरू होऊन वापरासोबत घसरत जातो. नवा असताना काटा जास्त वळतो, मीटरला उजेड आहे त्यापेक्षा अधिक वाटतो आणि फोटो काळवंडतो. महिन्याभराने चूक वेगळीच असते. निगेटिव्ह फिल्म एवढे सांभाळून घेते, स्लाइड फिल्म घेत नाही. सिल्व्हर ऑक्साइड सेल पाऱ्याच्या सेलइतकाच स्थिर, मात्र १.५५ व्होल्टचा. त्यासाठी शॉट्की डायोड असलेले अडॅप्टर मिळते. डायोडमध्ये सुमारे ०.२ व्होल्ट खर्ची पडतात आणि हिशेब जुळतो. एएसएची चकती (फिल्मची संवेदनशीलता मीटरला सांगणारी) खाली-वर करून भरपाई करण्याची युक्ती बरेच जण सांगतात. तिच्यावर फार विसंबू नये, कारण मंद उजेडात आणि भर उन्हात चूक सारखी नसते.

तिसरा मार्ग जस्त-हवा सेलचा. हा साधारण १.४ व्होल्टचा आणि स्थिर असतो. निळ्या पट्टीचा ६७५ नंबरचा सेल श्रवणयंत्रांच्या दुकानात सहज मिळतो. त्याचा व्यास ११.६ मिलिमीटर आणि ६२५ चा १५.६, म्हणून भोवती रबरी कडे घालावे लागते. पट्टी सोलली की हवा आत शिरते आणि सेलचे आयुष्य सुरू होते. मग कॅमेरा वापरा वा न वापरा, काही आठवड्यांत ते संपते. एक सोडून बाकी भोके चिकटपट्टीने बुजवली तर थोडे अधिक दिवस निघतात. कोरड्या हवेत हा सेल सुकतो आणि कोकणातल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत पाणी शोषून घेतो, तेव्हा कोणत्याच ऋतूत त्याच्याकडून फार अपेक्षा नको. काही कॅमेऱ्यांना ही सगळी यातायात लागतच नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरमध्ये ब्रिज सर्किट, म्हणजे व्होल्टेज थोडे बदलले तरी मोजमाप बिघडू न देणारी जोडणी, असल्याने त्यात सिल्व्हर ऑक्साइड सेल बिनदिक्कत चालतो. म्हणून अडॅप्टरवर पैसे घालण्याआधी आपल्या मॉडेलचे सर्किट कसे आहे हे विचारून घ्यावे.

घड्याळांमध्ये बुलोवा कंपनीच्या ॲक्युट्रॉनचा (१९६०) मासला पाहण्याजोगा आहे. त्यात सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) ३०० दात्यांचे सूक्ष्म चाक एकेक दाता पुढे सरकवतो. २१४ क्रमांकाच्या यंत्रणेला १.५५ व्होल्ट दिले की चिमटा जास्त झेपावतो, एका फटक्यात दोन दाते ओलांडतो आणि घड्याळ सुसाट धावू लागते. यावर उपाय म्हणजे जाणत्या कारागिराकडून जुळणी करून घेणे किंवा मुद्दाम १.३५ व्होल्टला उतरवलेला सेल वापरणे.

न वापरलेला सेल कितीही वर्षे चांगला राहतो, असा साठवणुकीबद्दल एक गैरसमज आहे. ‘न वापरलेला जुना माल’ म्हणून विकले जाणारे सेल आज बहुधा पंचवीस वर्षांहून जुने असतात. कमी आपोआप झीज हा या सेलचा लौकिक असला तरी इतक्या काळात त्याच्या कडेचे सील कधी दगा देईल सांगता येत नाही. असे सेल यंत्रात ठेवून देऊ नयेत. प्रत्येकाच्या तोंडावर चिकटपट्टी लावून वेगवेगळ्या पिशवीत, मग झाकणाच्या बरणीत, थंड आणि कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. ॲल्युमिनियमचा डबा नको. पाऱ्याशी गाठ पडली की ते झपाट्याने गंजते. फ्रीजमध्ये ठेवण्यातही अर्थ नाही, बाहेर काढताना दव धरते.

जुन्या कॅमेऱ्यात विसरलेल्या सेलला पाणी सुटले की कप्प्यात पांढरट-हिरवट खर जमते. ती मुख्यतः पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून बनते. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने ती निघते. आधी हातमोजे घालावेत आणि सोन्याची अंगठी काढून ठेवावी, कारण पारा लागला तर सोने पांढरे पडते. पाऱ्याचे थेंब दिसले तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर मुळीच वापरू नये. खिडक्या उघडाव्यात आणि थेंब जाड कागदाने लोटत किंवा चिकटपट्टीने टिपून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा तळहातावर खेळवण्याची जुनी हौस इथे तर नकोच.

विल्हेवाटीत एक गोष्ट हटकून विसरली जाते. सेल चालताना आतल्या मर्क्युरिक ऑक्साइडचा धातुरूप पारा होत जातो, म्हणजे ‘मेलेल्या’ सेलमध्ये मोकळा पारा नव्यापेक्षा जास्त. सेलच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक पारा असतो. तो जाळला तर वाफ हवेत जाते, जमिनीत गेला तर आज ना उद्या पाण्यात उतरतो. सुरक्षित मार्ग म्हणजे बंद भट्टीत तापवून पारा (उत्कलनबिंदू ३५७ अंश सेल्सियस) वेगळा काढणे. हे काम घरी कुणी करू नये. भारतात २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या ‘घरगुती घातक कचरा’ ठरल्या. त्या ओल्या-सुक्यात न मिसळता पालिकेच्या संकलन केंद्रात द्यायच्या असतात. महाराष्ट्रात घातक कचऱ्यावरच्या प्रक्रियेची सामाईक केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत, पण दोन-चार सेल घेऊन गृहस्थाने तिथे थेट जायची सोय नसते. व्यवहारात अधिकृत ई-कचरा संकलकाला आधी फोन करून ‘पाऱ्याचे सेल आहेत’ असे स्पष्ट सांगणे आणि ते वेगळ्या बाटलीत देणे हेच जमण्यासारखे.

अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने या बटण सेलांच्या विक्रीवर बंदी घातली. युरोपीय संघातही २००० पर्यंत ते बाजारातून गेले. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने पारायुक्त बॅटऱ्यांसाठी २०२० ही मुदत ठेवली. दोन टक्क्यांहून कमी पारा असलेले सिल्व्हर ऑक्साइड आणि जस्त-हवा बटण सेल तेव्हा त्यातून वगळले होते. भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केला.