शेंगाचटणी सोडा, घरातली माहिती काढा

सोलापुरात कुणाला चाळिशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला की पहिलं बोट शेंगाचटणीकडं, दुसरं तंबाखूकडं, आणि काका-आत्या पण त्यातच गेलेले असले की मग "घराण्यालाच काहीतरी लागलंय". तंबाखूची वकिली मी करत नाही, पण घराण्याला लागलेलं ते काहीतरी कधी कधी खरंच सापडतं, डीएनए दुरुस्त करणाऱ्या एंझाइमच्या जीनमध्ये.

आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, म्हणजे पेशी सारख्या विभागतात आणि दर वेळी सुमारे ६०० कोटी अक्षरांचा डीएनए कॉपी होतो. चुका राहणारच. मागावर सूत तुटलं की यंत्र थांबवून गाठ मारणारा माणूस लागतो, तसं इथं एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही चौकडी काम करते. यातल्या एका जीनची एक कॉपी जन्मापासून खराब असली तर तो लिंच सिंड्रोम. पुढं आतड्यातल्या एखाद्या पेशीत उरलेली चांगली कॉपीही बिघडली की तिथली दुरुस्ती बंद, चुका साचत जातात आणि त्यातून गाठ. एमएलएच१ किंवा एमएसएच२ खराब असेल तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका साधारण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो, बायकांना गर्भाशयाचा पण, आणि प्रत्येक मुलाकडं तो जीन जायची शक्यता निम्मी.

१८९५ मध्ये अमेरिकेत शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं डॉ. वॉर्थिनना सांगितलं होतं की आमच्या घरात सगळे कॅन्सरनंच जातात, मीही तशीच जाणार, आणि ती गेलीही तशीच. जीन सापडायला मात्र १९९३ उजाडलं!

म्यूटीवायएच नावाचा जीनही डीएनए दुरुस्तीचाच, पण या चौकडीपेक्षा वेगळा, तो २००२ मध्ये कळला. यात दोन्ही कॉपी खराब लागतात, आई-बाप ठणठणीत असतात आणि मुलाच्या आतड्यात पॉलिपच पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणारे छोटे कोंब. आपल्याकडं मामाची मुलगी करायची पद्धत आहे, त्यामुळं तोच खराब जीन दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, हे लग्नाच्या बैठकीत कुणी बोलत नाही.

यात एक बरी बाजू पण आहे. चौकडी बंद पडलेल्या गाठीत इतकी विचित्र प्रोटीनं तयार होतात की शरीराची प्रतिकारशक्ती तिला ओळखू शकते, म्हणून अशा पेशंटवर पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधं चांगली लागू पडतात, २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला गाठ कुठल्याही अवयवाची असो अशी मंजुरी मिळाली (किंमत ऐकून घाम फुटतो ते वेगळं).

म्हणून ऑपरेशन झालेल्याचा बायोप्सी ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, फेकू देऊ नका, त्याच्यावर या चौकडीची चारही प्रोटीनं आहेत का ते बघणारी आयएचसी टेस्ट होते, डॉक्टरांना सरळ विचारा. लिंच निघाला तर भावंडं आणि मोठी मुलं यांची जीन टेस्ट, आणि जीन ज्यांच्याकडं आलाय त्यांना साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी. आणि अशा घरातला कुणी संडासातून रक्त पडतंय म्हणून मूळव्याधीचं औषध घेत बसला असेल तर त्याला आधी कोलोनोस्कोपीला न्या.