फीमधली सवलत म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे

परदेशी विद्यापीठाचं पत्र येतं, त्यात 'स्कॉलरशिप' असा शब्द असतो आणि घरात पेढे वाटले जातात. मग आठवड्याभरात वडील बँकेत येतात. शैक्षणिक कर्जाच्या टेबलामागे मी 21 वर्षं बसले, आणि त्या टेबलावर सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हे: "मॅडम, स्कॉलरशिप मिळालीय, त्यामुळे कर्ज थोडंच लागेल." त्यानंतर मी पत्र वाचायचे, कागदावर बेरीज मांडायचे आणि समोरचा माणूस हळूहळू गप्प होत जायचा. दोष त्या माणसाचा नसतोच. दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं गेलंय, आणि ज्यांनी ते समजावून सांगायचं तेच ते पुसट ठेवतात.

शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे मराठी घरात सांगावं लागत नाही. आधी चौथी-सातवीला आणि नंतर पाचवी-आठवीला असलेली परीक्षा, जादा तास, बुद्धिमत्ता चाचणीचे सराव संच, आणि यादीत नाव आलं की खात्यावर जमा होणारी रक्कम. रक्कम किरकोळ असली तरी ती खरोखर यायची. मनात हाच अर्थ पक्का बसलेला असतो आणि तोच आपण परदेशी पत्रावर लावतो. घोळ तिथे सुरू होतो, कारण त्या पत्रात बहुतेक वेळा येणारी रक्कम नसतेच. ती सवलत असते. विद्यापीठाने स्वतःच ठरवलेल्या फीमधून स्वतःच केलेली वजावट.

दोन्ही ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: पैसा हलतो का? शिष्यवृत्तीत हलतो. सरकारच्या, संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या खात्यातून निघतो आणि विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो. त्यातून खोलीचं भाडं दिलं जातं, किराणा येतो. सवलतीत काहीच हलत नाही. फीच्या पावतीवर एक आकडा कमी होतो आणि उरलेली सगळी फी, शिवाय राहणं, जेवणं, प्रवास, व्हिसा, विमा हे पूर्वीसारखंच तुमच्या गळ्यात राहतं.

आकड्यांत मांडते. समजा, लंडनबाहेरच्या एका ब्रिटिश विद्यापीठात एक वर्षाच्या मास्टर्सची फी 24,000 पौंड आहे आणि पत्रात 5,000 पौंडांची 'स्कॉलरशिप' आहे. राहण्याचा खर्च किती धरायचा? ब्रिटनचा व्हिसा विभाग लंडनबाहेर महिन्याला 1,171 पौंड आणि लंडनमध्ये 1,529 पौंड धरतो. तो नऊच महिन्यांचे पैसे दाखवायला सांगतो, म्हणजे लंडनबाहेर 10,539 पौंड, आणि ते सलग 28 दिवस खात्यावर असावे लागतात. पोटाला मात्र बारा महिने लागतात. तेव्हा 14,052 पौंड धरा. फी धरून एकूण 38,052. त्यातून 5,000 गेले की राहिले 33,052. पौंड सोयीसाठी 115 रुपयांचा धरला तर 38 लाख रुपये. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, तो वेगळा. व्हिसाची फी आणि विमानाचं तिकीट वेगळं. ज्या रकमेसाठी पेढे वाटले, तिने एकूण खर्चातला जेमतेम 13 टक्के भाग उचलला.

सवलत वाईट असते असं मी म्हणत नाही. 5,000 पौंड म्हणजे पावणेसहा लाख रुपये, ते वाचले तर चांगलंच आहे. पण ती कशासाठी दिली जाते हे माहीत हवं. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या पदवीच्या फीवर सरकारची कमाल मर्यादा आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर तशी मर्यादा नाही. त्यामुळे विद्यापीठ परदेशी फी वर ठेवू शकतं आणि त्यातून थोडी कमी करून जागा भरू शकतं. ज्या मुलांना ती मिळते त्यांच्यात हुशार मुलं असतातच, पण पुष्कळदा ती वर्गातल्या निम्म्याअधिक परदेशी मुलांना मिळालेली असते. आणि तिला मुदत असते: अमुक तारखेच्या आत डिपॉझिट भरा, नाहीतर स्कॉलरशिप रद्द. खरी शिष्यवृत्ती देणाऱ्याने आधी पैसे भरा म्हणून घाई केल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही.

अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीला आणखी दोन खाचा आहेत. सवलत दरवर्षी चालू राहायला ठरावीक जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, टिकवावा लागतो. पहिल्या वर्षी परक्या मुलखात, परक्या भाषेत एखादं सत्र ढेपाळलं की पुढच्या वर्षी पूर्ण फी. दुसरं म्हणजे सवलतीची रक्कम डॉलरमध्ये गोठलेली असते आणि फी मात्र दरवर्षी वाढते. पहिल्या वर्षीचा हिशोब चारने गुणू नका.

याच कारणाने वर्तमानपत्रातल्या एका प्रकारच्या बातमीची मला चीड येते. 'गावच्या लेकीला दोन कोटींची शिष्यवृत्ती.' आत वाचावं तर पाच विद्यापीठांनी देऊ केलेल्या चार-चार वर्षांच्या सवलतींची बेरीज केलेली असते. मुलगी जाणार एकाच ठिकाणी. त्या मुलीचं यश खरं असतं, तिची मेहनत खरी असते. आकडा मात्र कुठेच नसतो. ती बातमी वाचून शेजारच्या गावातला एखादा बाप आपल्या मुलीला म्हणतो, "तुला का नाही मिळत?" हे मी माझ्या टेबलासमोर ऐकलेलं आहे.

आता या फरकाच्या मुळाशी जाते. पैशाची रक्कम हा वरवरचा भाग आहे. परदेशात शिकायचा खरा लाभ पदवीच्या कागदात नाही, तर मोकळ्या तासांत आहे. रात्री उशिरापर्यंत उघडं ग्रंथालय, प्रयोगशाळेत मिळणारा वेळ, प्राध्यापकाच्या खोलीत जाऊन घातलेला वाद, दहा देशांतल्या मुलांबरोबर केलेलं काम. हे सगळं वेळ असेल त्यालाच मिळतं. शिष्यवृत्ती तो वेळ विकत घेऊन देते. सवलत फक्त फी कमी करते, आणि राहण्याचा खर्च भागवायला मूल आठवड्याला 20 तास गोदामात किंवा हॉटेलच्या मुदपाकखान्यात राबतं. सत्र चालू असताना ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा पदवीच्या आणि मास्टर्सच्या मुलांना तेवढीच परवानगी देतो. कष्ट करण्यात कमीपणा नाही. पण 38 लाख खर्चून जे घ्यायला गेलो, तेच हातून निसटतं.

1913 साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी जी शिष्यवृत्ती दिली, ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. दरमहा, आणि थेट हातात. त्या पैशांतून पोट भरून, काही घरी पाठवून, न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं घेणं आणि दिवसाचे तासन् तास अभ्यास करणं जमलं. अट होती ती परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करण्याची. वाढवून मिळालेली मुदत 1917 मध्ये संपली तेव्हा कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेलं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. पुन्हा लंडनला जायला 1920 उजाडलं, आणि त्यासाठी सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज असं सगळं गोळा करावं लागलं. इतक्या मोठ्या बुद्धीच्या माणसाचंही शिक्षण पैशाचा ओघ थांबला तिथे थांबलं.

जर्मनीच्या उदाहरणात हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. तिथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे, असे थोडे अपवाद. म्हणजे जर्मनीत जवळजवळ प्रत्येकाला 100 टक्के 'सवलत' आहे. तरी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो आधी भरावे लागतात, आणि ते महिन्याला 992 युरो अशा हप्त्यांनी तुम्हाला परत मिळतात. आता डाड (DAAD) या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती पाहा: मास्टर्सच्या विद्यार्थ्याला महिन्याला 992 युरो. आकडा तोच. एका विद्यार्थ्याच्या खात्यात ते 992 युरो जर्मनीकडून येतात, दुसऱ्याच्या खात्यात त्याच्या वडिलांनी विकलेल्या गुंठ्यांतून. दोघंही एकाच वर्गात बसतात, दोघांचीही फी शून्य.

तरीही माझं स्पष्ट मत सांगते. खरी शिष्यवृत्ती नसेल, तर ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या भल्यामोठ्या सवलतीपेक्षा जर्मनीतलं सवलतीचं नावही न घेणारं साधं सरकारी विद्यापीठ मी दहा वेळा पसंत करीन. तिथे निदान आकडा लपलेला नसतो.

बाकीचे शब्द पटकन उरकते. बर्सरी, ग्रँट, अवॉर्ड, फेलोशिप यांच्यातला फरक शोधत बसू नका, प्रत्येक संस्था ते आपल्या सवयीने वापरते. असिस्टंटशिप म्हणजे काम: शिकवण्यात किंवा संशोधनात आठवड्याला साधारण 20 तास, बदल्यात पगार आणि बहुतेकदा फीमाफी, अमेरिकेत पीएच.डी.ला ती सर्रास मिळते, एम.एस.ला क्वचित. आणि कर्ज-शिष्यवृत्ती हे नावाप्रमाणे कर्जच. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एंडोमेंट या प्रकारातला, डॉ. कृष्णाबाई केळवकर त्याच्या पहिल्या लाभार्थींपैकी. के. सी. महिंद्रा ट्रस्टची रक्कम बिनव्याजी असते. दोन्हींबद्दल मला आदर आहे, अर्ज जरूर करा, पण परत करायचे आहेत हे लक्षात ठेवून.

बँकेतही हा फरक नडतो. बँकांच्या आदर्श कर्ज योजनेत परदेशी शिक्षणासाठी 4 लाखांवरच्या कर्जात 15 टक्के रक्कम पालकांनी घालायची असते, त्याला मार्जिन म्हणतात. शिष्यवृत्तीची रक्कम त्या मार्जिनमध्ये धरता येते. त्यामुळे पालक पत्र पुढे करतात, "हे घ्या आमचं मार्जिन." पण सवलत असेल तर आम्ही खर्चच कमी झालेल्या फीवर मांडलेला असतो. ती एकदा वजा झाली, दुसऱ्यांदा मोजायला शिल्लक राहत नाही. 33,052 पौंडांचे 15 टक्के म्हणजे साधारण 5 लाख 70 हजार रुपये घरातूनच आणावे लागतात, आणि हे पालकांना जुलैत कळतं.

जुलैत कळतं हेच सगळ्यात वाईट, कारण सवलत प्रवेशानंतर चालत येते आणि शिष्यवृत्तीच्या मागे प्रवेशाच्या वर्षभर आधी लागावं लागतं. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज ऑगस्टमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, ते पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरसाठी. 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. बदल्यात फी, मासिक खर्च, विमानभाडं सगळं. इरॅस्मस मुंडुस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीत महिन्याला 1,400 युरो आणि फी माफ, निदान दोन देशांत शिक्षण. त्याचे बरेचसे अर्ज हिवाळ्यात संपतात. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहे. राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, मराठा समाजासाठी 'सारथी' या राज्य सरकारच्या संस्थेची सयाजीराव गायकवाडांच्या नावाची. या सरकारी योजनांत फीबरोबर निर्वाहभत्ता आणि विमानभाडंही मिळतं. पात्र असूनही यांचं नाव न ऐकलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्याच घरांत सवलतीचं पत्र लॅमिनेट करून ठेवलेलं पाहिलंय.

तेव्हा पत्र आलं की विद्यापीठाला एक ईमेल पाठवा. त्यात चार गोष्टी विचारा: ही रक्कम माझ्या बँक खात्यात जमा होणार की फीतून वजा होणार, एका वर्षासाठी की पूर्ण अभ्यासक्रमासाठी, टिकवण्याची अट काय, आणि ती वजा करून मला एकूण किती फी भरायची. उत्तर लेखी घ्या, एजंटाच्या फोनवर नको. ते उत्तर आणि बारा महिन्यांचा राहण्याचा खर्च घेऊन कर्जाच्या टेबलाशी या. मूल अजून पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल, तर बँकेत यायच्या आधी या ऑगस्टमध्ये कुठले अर्ज उघडतात ते बघा.