आर्मेनियन अनाथ वसतिगृहे

ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियन ख्रिस्ती समाजाची १९१५ पासून जी हद्दपारी आणि कत्तल झाली, तिच्यात घरादाराला मुकलेल्या मुलांसाठी चर्चने, मिशनऱ्यांनी व मदतसंस्थांनी चालवलेली निवासी घरे. सिरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन, ग्रीस आणि आर्मेनियात ती पसरलेली होती. त्यांना सरसकट अनाथाश्रम म्हटले जाते, पण हा शब्द थोडा फसवा आहे. बऱ्याच मुलांची आई हयात होती. मुलाच्या पोटात घालायला तिच्याजवळ काही नव्हते, इतकेच. राहणे, जेवण, शाळा, हाताला एखादा धंदा आणि प्रार्थना, सगळे एका आवारात. मराठी वाचकाला याची कल्पना ‘मिशन बोर्डिंग’ या शब्दावरून चटकन येईल. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) मराठी मिशन सुरू करणारे अमेरिकन बोर्ड (अमेरिकेतली प्रोटेस्टंट मिशनरी संस्था) अनातोलियातही, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातही, काम करत होते. नगरकडे बोर्डिंगात दुष्काळातली पोरे आली, तिकडे कत्तलीतली.

१८९४ ते १८९६ या काळात सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदच्या राजवटीत झालेल्या कत्तलींनंतर हारपूत, उर्फा अशा गावांत अमेरिकन, जर्मन व डॅनिश मिशनऱ्यांनी मुलांसाठी घरे उघडली होती. त्यामुळे १९१५ साली कामाची घडी आणि माहीतगार माणसे होती. फक्त संकटाचा आकार कुणाच्याच अंदाजात बसणारा नव्हता. या घटनांना वंशसंहार म्हणणे तुर्कस्तानचे सरकार आजही मान्य करत नाही. छळाचे कारण निव्वळ धर्म होते असेही म्हणता येत नाही. राष्ट्रवाद, युद्ध, जमीनजुमला हे सगळे त्यात होते. मुलांच्या बाबतीत मात्र धर्म आणि नाव यांवरच सारे येऊन थांबे.

बैरुतजवळच्या आंतूरा गावी लाझारिस्ट या कॅथलिक संघातल्या पाद्र्यांचे फ्रेंच महाविद्यालय होते. युद्धकाळात सिरियातला ऑटोमन सेनापती जेमाल पाशा याने ते ताब्यात घेऊन तिथे अनाथालय काढले. लेखिका हालिदे एदिब यांच्याकडे काही काळ तिथली देखरेख होती. आर्मेनियन मुलांना तिथे तुर्की नावे व क्रमांक दिले गेले, मुलांची सुंता झाली, आपली भाषा बोलले की मार बसे. उपासमारीने आणि रोगाने अनेक मुले तिथेच गेली. १९१८ च्या शेवटी तुर्की अधिकारी निघून गेल्यावर नव्या व्यवस्थापनासमोर पहिले काम अन्नाचे होते आणि दुसरे नावांचे. मोठ्या मुलांना आपले नाव आठवत होते. लहानग्यांना ते कुणी सांगायचे?

हाच प्रश्न इस्तंबूलला १९१९ मध्ये वेगळ्या रूपात आला. मुसलमान घरांत आणि सरकारी अनाथालयांत गेलेली मुले परत आणण्याची मोहीम आर्मेनियन धर्मपीठाने हाती घेतली. तिला ‘वोर्पाहवाक’ म्हणत, म्हणजे अनाथ गोळा करणे. पण आणलेले मूल आर्मेनियन की तुर्क, यावरून तंटे होऊ लागले. मग ‘तटस्थ घर’ नावाचे एक घर काढण्यात आले आणि निकाल लागेपर्यंत असे मूल तिथे राहू लागले. आर्मेनियन बाजूने एकेक मूल परत मिळवणे म्हणजे समाज पुन्हा उभा करणे होते, तर तुर्की बाजूचा आरोप होता की आमचीच पोरे पळवली जाताहेत. दोन्हींकडच्या ओढाताणीत मुलाला काय हवे, हे विचारले जाई की नाही, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

अलेप्पोला डॅनिश शिक्षिका कारेन येप्पे (१८७६–१९३५) यांनी राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) वतीने चालवलेल्या घराची नोंदवही या साऱ्या विषयातला सर्वांत बोलका कागद आहे. बेदुइन व कुर्द घरांतून सुटून आलेल्या मुलामुलींच्या सुमारे १,७०० नोंदी तिच्यात आहेत. प्रत्येक पानावर फोटो, नाव, आईबापांची नावे, गाव आणि चार-सहा ओळींत हकिगत. काही मुलींच्या चेहऱ्यावर बेदुइन रिवाजाचे गोंदण दिसते. ही वही आज जिनिव्हाच्या अभिलेखागारात आहे.

सर्वांत मोठा पसारा अलेक्झांड्रोपोलचा (आताचे ग्युम्री, आर्मेनिया). झारच्या फौजेच्या रिकाम्या बराकींत ‘निअर ईस्ट रिलीफ’ या अमेरिकन संस्थेने एका वेळी वीस हजारांहून अधिक मुले ठेवली. लोक त्याला अनाथांचे शहरच म्हणत. संस्था नावाने चर्चची नव्हती, पण तिच्यात मिशनऱ्यांचा भरणा होता आणि पैसा बव्हंशी अमेरिकेतल्या चर्चमधून येई. एकेका खोलीत दाटीवाटीने झोपणाऱ्या मुलांत खुपऱ्यांची (डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) साथ होती. पापणी उलटी करून आतून मोरचुदाचा खडा घासायचा, हा त्या काळचा रूढ उपाय. तोही एकदा करून भागत नसे, महिनोन्‌महिने करावा लागे.

मुलांना सुतारकाम, चांभारकाम, शिवण, विणकाम शिकवत. १९२२ मध्ये स्विस मिशनरी याकोब कुन्सलर यांनी सुमारे आठ हजार मुले तुर्कस्तानातून सिरिया-लेबनॉनकडे आणली. पुढे लेबनॉनमधल्या गझीर गावी त्यांच्या देखरेखीखाली मुलींचा गालिच्यांचा कारखाना चालला. तिथल्या चारशे मुलींनी विणलेला, ४४ लाख ४ हजार २०६ गाठींचा गालिचा १९२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट देण्यात आला. गाठी कुणी मोजल्या कोण जाणे, पण आकडा असा शेवटच्या गाठीपर्यंत सांगितला जातो. त्या मुलींची नावे मात्र गालिच्यावर नाहीत.

वयात आलेल्या मुलींची लग्ने अनेकदा नुसता फोटो पाहून परदेशातल्या आर्मेनियन माणसांशी लावली गेली. मुलांपैकी काहींचे नशीब फारच अनपेक्षित निघाले. १९२४ मध्ये इथिओपियाचा राजप्रतिनिधी रास तफारी (नंतरचा सम्राट हैले सेलासी) जेरुसलेमच्या आर्मेनियन मठात आला, तिथल्या चाळीस अनाथ मुलांचे बँडपथक त्याने ऐकले आणि पथकच्या पथक आदिस अबाबाला नेले. त्यांचे संगीतशिक्षक केवोर्क नालबंदियन यांनी बांधलेली चाल पुढे १९७४ पर्यंत इथिओपियाचे राष्ट्रगीत होती.

पंथांचे राजकारणही या आवारांत शिरले. वाचवणारे बहुतेक प्रोटेस्टंट, मुले बहुतांशी आर्मेनियन अपोस्टोलिक चर्चची, म्हणजे आर्मेनियनांच्या स्वतःच्या जुन्या चर्चची. पोरे जगली पण आपली राहिली नाहीत, अशी धास्ती धर्मगुरूंना होती, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अनेक ठिकाणी शिक्षक आणि भाषा आर्मेनियन ठेवून मार्ग काढला गेला.

१९३० च्या सुमारास मुले मोठी होऊन पांगली आणि घरे रिकामी होऊ लागली. सिलिसियाचे अपोस्टोलिक धर्मपीठ १९२१ मध्ये सिस (आजच्या दक्षिण तुर्कस्तानात) येथील आपल्या मूळ जागेतून उठले होते व नऊ वर्षे फिरत होते. बैरुतजवळ आंतेलियास येथे निअर ईस्ट रिलीफच्या अनाथालयाची जागा त्याला मिळाली आणि १९३० मध्ये ते तिथे स्थिरावले. आजही तिथेच आहे. थोड्या उत्तरेला, जुबैलच्या समुद्रकाठी, डॅनिश मिशनरी मारिया याकोबसेन (१८८२–१९६०) यांनी चालवलेले ‘पक्ष्यांचे घरटे’ हे वसतिगृह १९७० मध्ये याच धर्मपीठाकडे सोपवण्यात आले. २०१५ पासून तिथे अनाथ मुलांच्या आठवणींचे संग्रहालय आहे. याकोबसेन यांना मुले ‘मामा’ म्हणत; त्यांची कबर त्याच आवारात आहे.