रिले सुटतच नाही? आधी डायोड बघा

"बोर्ड आठ दिवस छान चाललं, आता रिले सुटतच नाही." म्हणजे रिले, हा कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच, बंदच होत नाही. अशी तक्रार आली की आम्ही रिले बाजूला ठेवतो आणि त्याच्या कॉइलवर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावलाय का ते बघतो. बहुधा नसतो, आणि कॉइल चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे कलेक्टर आणि एमिटर हे दोन पाय आपसात शॉर्ट झालेले असतात.

१२ व्होल्टच्या, ४०० ओहमच्या कॉइलमधून ३० मिलिअँपिअर वाहतात. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइल तो प्रवाह पुढे ढकलत राहते. वाट मिळेना, की कलेक्टरवरचा व्होल्टेज शेकड्यात चढू शकतो. बीसी५४७ या नेहमीच्या ट्रान्झिस्टरची मर्यादा ४५ व्होल्टची. तो पहिल्याच झटक्याला उडेल असं नाही. रोज थोडा मार खातो, म्हणून तर आठ दिवस 'छान' जातात.

कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड लावा, त्यावरच्या पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. मग प्रवाह डायोडमधून गोल फिरत विरून जातो आणि कलेक्टर १२.७ व्होल्टच्या आसपासच थांबतो. पट्टी उलटी झाली तर मात्र ट्रान्झिस्टर चालू होताच सप्लाय डायोडमधून थेट त्याच्यावर येतो. डायोड रिलेच्या पायांजवळच सोल्डर करा.

एमिटर ग्राउंडला, कॉइल कलेक्टरला. बेसला, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू करणाऱ्या तिसऱ्या पायाला, कॉइलच्या प्रवाहाचा निदान दहावा भाग द्यावा, म्हणजे इथे ३ मिलिअँपिअर: कंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पिनला १ किलोओहमचा रेझिस्टर, ३.३ व्होल्टला ८२० ओहमचा. बेस ते ग्राउंड १० किलोओहम टाकला तर बोर्ड सुरू होताना रिले उगाच टकटक करत नाही. ५ व्होल्टचा रिले ७० मिलिअँपिअरच्या वर खातो. तिथे आम्ही बीसी५४७ वापरत नाही, जास्त प्रवाह पेलणारा बीसी३३७ घालतो.

डायोडचा एक तोटा आहे: रिले जरा रेंगाळत सुटतो. जड लोडवर (रिलेने चालवायचं उपकरण मोठं असेल तर) त्यामुळे कॉन्टॅक्ट, म्हणजे रिलेतल्या स्विचची टोकं, जास्त जळतात. अशा वेळी डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजला उलट्या दिशेनेही वाहू देणारा डायोड) घाला, दोघांच्या पट्ट्या समोरासमोर. कलेक्टर ३७ व्होल्टपर्यंत जाईल, म्हणजे ४५ च्या आतच.

रिले चालवायच्या यूएलएन२००३ या आयसीमध्ये डायोड आतच असतात, पण ९ नंबरची पिन कॉइलच्या पॉझिटिव्हला जोडली तरच ते कामाला येतात. ही पिन मोकळी सोडलेले बोर्ड आम्ही पुष्कळ पाहिले.

कॉन्टॅक्टवरची ठिणगी हे वेगळं प्रकरण. कॉइलच्या डायोडने ती विझत नाही, आणि एसी लोडच्या कॉन्टॅक्टवर डायोड तर लावूच नका. बोर्ड पाठवताना रिलेचा नंबर आणि लोड कसला आहे ते चिठ्ठीवर लिहा.